टिलर जड आहे, की होडी जास्त कलली आहे?

एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून २४ फुटी, वापरलेली क्रूझर (केबिन असलेली शिडाची होडी) घेतली. एक डोलकाठी, तिच्या मागचं मोठं शीड म्हणजे मेनसेल, पुढचं गुंडाळता येणारं शीड म्हणजे जिब, मागे टांगलेलं सुकाणू आणि ते फिरवायचा लाकडी दांडा म्हणजे टिलर. हलक्या वाऱ्यात होडी गुणी आहे. पण वारा १२-१३ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पुढे गेला आणि वाऱ्याच्या दिशेला भिडून चालायचं ठरवलं, की टिलर दोन्ही हातांनी छातीशी ओढून धरावा लागतो. अर्ध्या तासात खांदा भरून येतो. झोत आला की होडी मुळीच ऐकत नाही. ती वाऱ्यात तोंड घालते आणि शिडं फडफडायला लागतात. नवरा म्हणतो, सवय होईल, हातात ताकद येईल. वारा वाढला की ते दोघं जिब अर्धी गुंडाळतात, कारण तेवढं काम कॉकपिटात, म्हणजे टिलरपाशी बसायच्या जागेत, बसून होतं. तरीही त्रास कमी होत नाही, उलट वाढल्यासारखा वाटतो. एका अनुभवी परिचिताने मोठं सुकाणू बसवायला सांगितलं आहे, दुसऱ्याने डोलकाठी पुढे घ्यायला. नवऱ्याच्या मनात टिलर-पायलट, म्हणजे टिलर आपोआप धरणारं यंत्र, घ्यायचं आहे. बाईंनी मात्र टिलर हातात घेणंच सोडून दिलंय. त्या विचारतात, ‘‘दोष होडीत आहे की माझ्या हातात?’’

तुमच्या हातात नाही. हे आधी सांगतो, कारण पत्रातलं सगळ्यात दुखरं वाक्य तेच होतं. २४ फुटांची होडी चालवायला दोन हात आणि छाती लागत असेल, तर तिथे कुणीही बसलं तरी काहीतरी चुकतंच आहे. ताकदवान माणूस फक्त ते चुकलेलं जास्त वेळ सहन करतो, आणि म्हणून त्याला ते उशिरा कळतं. तुम्हाला अर्ध्या तासात कळलं. तुमचा खांदा त्या होडीवरचं सगळ्यात खरं बोलणारं यंत्र आहे, असं मी म्हणेन.

आता होडीकडे वळू. वाऱ्याकडे तोंड फिरवायच्या होडीच्या या ओढीला खलाशी वेदर हेल्म म्हणतात. ती आवरायला टिलर वाऱ्याकडच्या बाजूला, म्हणजे बसलेल्या माणसाच्या दिशेने ओढून धरावा लागतो. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकत्र झाल्या आहेत: टिलर जड लागतो, आणि टिलर फार ओढून धरावा लागतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांचे उपायही वेगळे. टिलर मधल्या रेषेपासून जेमतेम चार अंश सरकलेला असूनही हाताला जड लागत असेल, तर चूक सुकाणूच्या पात्यात शोधावी. टिलर पंधरा अंश ओढलेला असेल, तर चूक सुकाणूत नसून वर शिडांत आणि होडीच्या कलण्यात शोधावी. आपल्याकडे आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं म्हणतात. ओढ हाताला टिलरमधून जाणवते म्हणून सुकाणूवर उपचार करायला धावणं हे तसंच आहे.

पहिली गोष्ट तपासायला सोपी आहे. तुमच्या सुकाणूचं पातं वर उचलता येण्यासारखं आहे का? मागे टांगलेल्या पुष्कळ सुकाणूंचं असतं. माझ्या पहिल्या होडीवरचं तसंच होतं. पातं खाली धरून ठेवणारी एक बारीक दोरी टिलरवरच्या क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवलेली असे. ती क्लीट झिजली होती. बंदरातून निघताना दोरी ताठ असे, पण चालत्या पाण्याच्या जोराने ती हळूहळू सरकत जाई आणि तासाभरात वीतभर सैल झालेली असे. तेवढ्याने पातं उभं न राहता मागे तिरकं व्हायचं. पाण्याचा दाब मग बिजागरीच्या रेषेपासून दूर मागे पडायचा आणि हाताला दगडासारखं वजन लागायचं. अख्खा हंगाम मी शिडांच्या दोऱ्या ताणत आणि सोडत राहिलो. एका दुपारी शांत पाण्यात मागून वाकून पाहिलं, तेव्हा पात्याचं टोक नको तितकं मागे गेलेलं दिसलं. क्लीट बदलली, दोरी न ताणणारी घेतली, आणि जडपणा निम्म्यावर आला. तेव्हा बाकी काहीही करण्याआधी, चालत्या होडीत, मागे वाकून तुमचं पातं पाहा. बंदरात पाहू नका, तिथे ते सरळच दिसेल. वाकताना दुसऱ्याने तुम्हाला धरलेलं असू द्या.

पातं पूर्ण खाली असेल आणि तरीही टिलर खूप ओढावा लागत असेल, तर पुढचं वाचा. पत्रावरून मला वाटतं की तुमचं दुखणं प्रामुख्याने तिथेच आहे.

पण आधी एक समजूत बाजूला करू. ‘‘वेदर हेल्म घालवायची कशी’’ असं तुम्ही विचारलंय. ती सगळी घालवायची नसते. वाऱ्याला भिडून चालताना टिलर तीन ते पाच अंश वाऱ्याकडे धरावा लागणं, ही निरोगी होडीची खूण आहे. त्या थोड्या कोनामुळे सुकाणूचं पातंही कीलसारखं (होडीच्या तळाच्या पात्यासारखं) काम करतं आणि होडीला वाऱ्याखाली घसरण्यापासून थोडं थोपवतं. हाताला होडी लागते, डोळे मिटून बसलं तरी वारा कमी झाला की जास्त ते कळतं. आणि हात सुटला, कुणी घसरून पडलं, तर होडी आपणहून वाऱ्यात तोंड घालून थांबते. याच्या उलट ओढ असलेली होडी हात सुटताच वाऱ्याकडे पाठ फिरवते, वेग घेते, बूम (मेनसेलच्या खालचा दांडा) आडवी येण्याचा धोका तयार करते. तशा होडीवर मला रात्री झोप लागणार नाही. तेव्हा आपलं उद्दिष्ट शून्य नाही. एका हाताच्या दोन-तीन बोटांनी धरता यावी इतकी ओढ आपल्याला हवी आहे.

तुमचा टिलर साधारण एक मीटर लांब असेल, तर त्याचं टोक मधल्या रेषेपासून नऊ सेंटीमीटर सरकलं की तो पाच अंश झाला, आणि सतरा सेंटीमीटर सरकलं की दहा. कॉकपिटवर आडवी चिकटपट्टी लावून या दोन खुणा करा. दहा अंशांच्या पुढे सुकाणू वळवण्यापेक्षा ब्रेकचं काम जास्त करतं. पंधराच्या पुढेमागे पात्याच्या पाठीवरून पाणी सुटायला लागतं आणि पकड जाते. त्यात होडी कललेली असेल, तर पात्याचा वरचा भाग पाण्याबाहेर येऊन हवा ओढतो. झोतात तुमची होडी ऐकत नाही याचं कारण हे आहे. त्या क्षणी माणूस घाबरून आणखी जोरात ओढतो आणि पकड आणखी सुटते. करायचं ते उलट. मेनशीट, म्हणजे मेनसेल आवळायची-सोडायची दोरी, झटकन सोडायची, टिलर क्षणभर मधोमध येऊ द्यायचा, पाणी पात्याला पुन्हा चिकटलं की मग हलकेच ओढायचा. हे एकदा हाताने करून पाहिलंत की भीती निम्मी होईल.

आता मूळ. होडी वाऱ्यात तोंड घालते ती का?

चाकांची हातगाडी मधोमध धरून ढकलली तर सरळ जाते. एका बाजूचा कोपरा धरून ढकललीत तर ती दुसऱ्या बाजूला वळते. शिडांचा पुढे नेणारा जोर हा तसाच धक्का आहे. होडी उभी असते तेव्हा तो साधारण मधल्या रेषेवर असतो. होडी कलली की शिडं पाण्यावर बाहेर झुकतात, धक्का एका बाजूला जातो आणि होडी दुसऱ्या बाजूला, म्हणजे वाऱ्याकडे, वळू पाहते. किती बाजूला जातो हे मोजून पाहू. तुमच्या आकाराच्या होडीत शिडांच्या जोराचा मध्य पाण्याखालच्या कीलच्या मध्यापासून साडेचार मीटर उंच धरला, तर पंधरा अंश कललेल्या होडीत तो सुमारे १.१६ मीटर बाहेर असतो. पंचवीस अंश कलली की सुमारे १.९ मीटर. म्हणजे दहा अंश जास्त कलल्यावर त्या वळवणाऱ्या हाताची लांबी पाऊण मीटरने वाढली. भरीला, कललेल्या होडीचा पाण्यातला आकारही दोन्ही बाजूंनी सारखा राहत नाही. फुगीर बाजू पाण्यात जाते आणि होडीला वाऱ्याकडे ढकलते.

हा आकडा लक्षात राहू द्या, डोलकाठीबद्दल बोलताना तो पुन्हा लागेल.

कलण्याखेरीज दुसरं कारण पुढच्या-मागच्या तोलाचं. मेनसेल डोलकाठीच्या मागे असतं, त्याचा जोर होडीची पाठ वाऱ्याखाली ढकलतो, म्हणजे तोंड वाऱ्याकडे फिरवतो. जिब पुढे असते, ती तोंड वाऱ्यापासून दूर ढकलते. दोघींचं भांडण बरोबरीत सुटलं की होडी सरळ चालते. आता तुमच्याच पत्रातलं वाक्य पुन्हा वाचा. वारा वाढला की तुम्ही जिब अर्धी गुंडाळता आणि मेनसेल पूर्ण ठेवता. म्हणजे तोंड वाऱ्यापासून दूर ठेवणारं शीड निम्मं केलंत आणि तोंड वाऱ्यात घालणारं पूर्ण ठेवलंत. अर्धी गुंडाळलेली जिब बहुधा पिशवीसारखी फुगते, तिची ताकद पुढे नेण्याऐवजी कलवण्यात जाते. त्रास वाढल्यासारखा वाटतो असं तुम्ही लिहिलंय. वाटत नाही, तो खरंच वाढतो.

यात तुमची चूक काढायची नाही. जिब कॉकपिटातून गुंडाळता येते आणि मेनसेलचा रीफ घ्यायला, म्हणजे खालचा भाग बांधून ते लहान करायला, हलत्या डेकवरून डोलकाठीपाशी जावं लागतं. जे काम सोपं असतं तेच माणूस करतो. दोघांनीच चालवायच्या होडीवर तर हे फार होतं, आणि वाचकांपैकी पुष्कळांनी या परिच्छेदाशी आपली मान हलवली असेल. म्हणून तुमच्या होडीवर खर्च करायचा असेल तर पहिला खर्च रीफच्या दोऱ्यांवर करा. मेनसेलच्या पुढच्या आणि मागच्या कडेच्या रीफ-दोऱ्या आणि मेनचा हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी), तिन्ही डोलकाठीच्या पायथ्यापासून पुली लावून कॉकपिटात आणता येतात. हॅलयार्डवर रंगीत धाग्याने खूण करा, म्हणजे रीफसाठी किती खाली सोडायचा हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही. मग बंदरात, बांधलेल्या होडीवर, वारा नसताना, दोघांनी दहादा रीफ घ्या आणि सोडा. आधी दहा मिनिटं लागतील, मग दोन. समुद्रावर पहिला रीफ घ्याल तेव्हा हातांना वाट माहीत असेल.

आणि तो लवकर घ्या. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ नॉटचा वारा १७ झाला की शिडावरचा दाब दुप्पट होतो, पण अंगावर तो फक्त ‘थोडा वाढला’ असा लागतो. रीफ म्हणजे माघार, रीफ म्हणजे भित्रेपणा, अशी एक समजूत काही लोकांमध्ये असते, आणि तुमच्या नवऱ्याचं ‘ताकद येईल’ त्याच समजुतीच्या जवळचं वाटतं. जीपीएसवर वेग पाहा. पंचवीस अंश कलून, टिलर पंधरा अंश ओढून धडपडणारी होडी रीफ घेतल्यावर अठरा अंशांवर येते, आणि वेग बहुतेक वेळा तेवढाच राहतो, कधी वाढतोही, कारण सुकाणूचा ब्रेक सुटलेला असतो. छोट्या क्रूझर होड्यांना वीस अंशांच्या पुढे कलण्याचा काहीही फायदा नसतो. फोनमधलं कोन मोजणारं अॅप उघडून केबिनच्या भिंतीवर टेकवलंत की तुम्हाला खरा आकडा दिसेल. माणसं आपला कल डोळ्यांनी नेहमी चुकीचा सांगतात.

रीफच्या आधी, झोताझोताला करायच्या गोष्टी आहेत. मेनशीट आणि ट्रॅव्हलर (मेनशीटचं खालचं टोक आडवं सरकवणारी गाडी) कुणाच्या हातात आहे? वाऱ्याला भिडून चालताना झोत आला की ट्रॅव्हलर वाऱ्याखाली सोडा. शिडाचा आकार तसाच राहतो, पण अख्खं शीड थोडं बाहेर जातं, होडी उभी होते. ट्रॅव्हलर नसेल किंवा अडकत असेल (जुन्या होडीवर त्याची चाकं गंजलेली किंवा मिठाने घट्ट झालेली असतात, गोड्या पाण्याने धुऊन पाहा) तर मेनशीट हातभर सोडा. शिडाची पुढची कड थोडी फडफडली तर फडफडू द्या. नवशिके त्या फडफडीला घाबरून शीट पुन्हा आवळतात, आणि हीच आवळलेली शीट टिलरवर येऊन बसते. मेनसेल गरजेपेक्षा घट्ट ओढलेलं असणं, हे वेदर हेल्मचं मला सगळ्यात जास्त दिसलेलं कारण आहे. शिडात घातलेल्या सगळ्यात वरच्या पट्टीची दिशा बूमला समांतर ठेवा आणि शिडाच्या मागच्या कडेला वर एक लोकरीचा धागा लावा. तो मागे सरळ उडत असेल तर शीट ठीक. तो सारखा वाऱ्याआडच्या बाजूला वळून लपत असेल तर शीट फार घट्ट आहे.

मग शीड चापट करा. बूमवरचा आउटहॉल (शिडाचं मागचं टोक ओढणारी दोरी) घट्ट ताणा, पुढची कड हॅलयार्डने किंवा कनिंगहॅमने (ती कड खाली ओढणाऱ्या दोरीने) ताणा, बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) ओढता येत असेल तर ओढा. त्याने डोलकाठी वाकते, मेनसेल चापट होतं आणि फोरस्टेही (डोलकाठीला पुढून धरणारी तार) ताठ होतो, म्हणजे जिबचं पोटही कमी होतं. जिब अर्धी गुंडाळायची वेळ आलीच, तर तिच्या शीटची (दोरीची) गाडी पुढे सरकवायला विसरू नका, नाहीतर वरचा भाग उघडा पडतो आणि खालची कड नको तितकी ताणली जाते.

इथे एक प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर पत्रात नाही. मेनसेल किती जुनं आहे? वापरलेल्या होडीबरोबर बहुतेक वेळा शीडही तितकंच जुनं येतं. डेक्रॉन कापड वर्षानुवर्षं ताणलं जाऊन सैल पडतं, शिडाचं सगळ्यात खोल पोट मधून मागे सरकतं आणि मागची कड आत वळून वाडग्यासारखी होते. मग वारा शिडावरून सुटून न जाता मागच्या कडेला अडकतो. तो जोर पुढे नेत नाही, कलवतो आणि फिरवतो. पाहायची युक्ती सोपी. चालत्या होडीत बूमच्या मधोमध खाली पाठीवर पडून वर सरळ फोटो काढा. शिडाच्या शिवणी फोटोत वाकलेल्या रेषा दिसतील. सगळ्यात खोल भाग पुढच्या कडेपासून निम्म्याच्या आत असेल तर शीड चांगलं आहे. तो निम्म्याच्या बराच मागे गेला असेल, आणि कनिंगहॅम ताणूनही पुढे येत नसेल, तर शीड थकलंय. तो फोटो शीड शिवणाऱ्याला दाखवा. काही शिडं नव्याने कापून सुधारता येतात, काही नाही. पण मोठं सुकाणू घ्यायला ठेवलेले पैसे इथे खर्च झाले तर मला बरं वाटेल.

त्या सुकाणूबद्दल. मोठं पातं तितकाच जोर कमी कोनात देईल, हे खरं. पण वर शिडांत जे चाललंय ते तसंच राहील, आणि पातं मागच्या बाजूला रुंद केलंत तर दाब बिजागरीपासून आणखी दूर गेल्यामुळे टिलर आणखी जड होईल. म्हणजे तुमच्या खांद्याचं दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. जडपणाच कमी करायचा असेल तर पात्याचा थोडा भाग, साधारण दहा ते पंधरा टक्के, बिजागरीच्या रेषेच्या पुढे येईल असा आकार जाणकाराकडून करून घेता येतो. त्याने हाताला हलकं वाटतं. पण लक्षात ठेवा, त्याने टिलरचा कोन बदलत नाही, आणि पुढचा भाग जास्त झाला तर सुकाणू हाताशिवाय स्वतःच फिरू लागतं. हा उपाय कलणं आणि शिडं सुधारल्यावरचा, आधीचा नाही.

डोलकाठी पुढे घ्यायचा सल्ला तसा चुकीचा नाही, पण त्याचं माप पाहा. नऊ मीटर उंच डोलकाठी एक अंशाने पुढे घेतली तर तिचं टोक सोळा सेंटीमीटर पुढे जातं. डोलकाठीचं बूड फोरस्टेच्या खालच्या टोकापासून अडीच मीटर असेल तर त्यासाठी फोरस्टे चार सेंटीमीटर आखूड करावा लागतो. आणि शिडांच्या जोराचा मध्य, जो डेकपासून चार मीटरच्या आसपास असतो, तो पुढे जातो फक्त सात सेंटीमीटर. वाऱ्याला भिडून चालताना कडेचा जोर पुढे नेणाऱ्या जोराच्या तीन-चार पट असतो, त्यामुळे त्या सात सेंटीमीटरांची किंमत सातापेक्षा जास्त आहे हे मान्य. तरीही दहा अंश कमी कलून मिळणाऱ्या पाऊण मीटरची बरोबरी ते करत नाहीत. शिवाय फोरस्टे आखूड केला की गुंडाळणाऱ्या यंत्राची नळी, जिबची पुढची कड, बॅकस्टे, सगळ्यांची मापं पाहावी लागतात. म्हणून आधी डोलकाठी आहे कुठे ते मोजा. शांत पाण्यात, दोघं मधोमध बसून, मेनच्या हॅलयार्डला पाण्याने भरलेला डबा बांधा आणि बूमच्या उंचीपर्यंत खाली सोडा. डबा हलू नये म्हणून तो पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. डोलकाठीपासून दोरी किती मागे लोंबते ते मोजा. नऊ मीटरवर सोळा सेंटीमीटर म्हणजे एक अंश मागे. एक-दोन अंश असेल तर डोलकाठीला हात लावू नका. चार-पाच निघाले, तर बहुधा आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी फोरस्टे लांब झालेला असेल, आणि मग तुमच्या त्या परिचिताचं बरोबर आहे.

वजनं लगेच पाहता येतात. नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात, नांगराची साखळी किती आहे? ८ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते, तीस मीटर म्हणजे बेचाळीस किलो, शिवाय नांगर. एवढं वजन टोकाला असेल तर २४ फुटी होडीचं नाक खाली जातं, पाण्याखालचा आधार पुढे सरकतो आणि पाठ जास्त सहज फिरते. काही साखळी मधोमध आणून ठेवा. कील बिजागरीवर वर-खाली होणारी असेल तर ती थोडी वर घेऊन पाहा. वर येताना ती मागे सरकते, आधार मागे जातो, टिलर सैल होतो. पण चढ-उताराच्या पाण्यात आणि जोरदार वाऱ्यात असं करू नका, उभं राहण्याची ताकद त्या कीलमध्येच असते.

आता टिलर-पायलट. जगात पहिल्यांदा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जोशुआ स्लोकम १८९५ मध्ये निघून १८९८ मध्ये परतला. त्याच्या स्प्रे या होडीवर कुठलंही असं यंत्र नव्हतं. थर्सडे बेटापासून कोकोस बेटांपर्यंतचे सुमारे २७०० मैल त्याने २३ दिवसांत पार केले, आणि त्या काळात सुकाणूवर सगळे मिळून तीन तासही बसलो नाही, असं त्याने सांगितलं. शिडं तोलून लावली, सुकाणू बांधून ठेवलं आणि होडी चालत राहिली. लांब कीलची होडी होती, वारा मागून होता, तुमची गोष्ट वेगळी आहे. पण यंत्राचं काम कुठे सुरू होतं ते त्यातून कळतं. तुमच्या खांद्याला जे जड लागतं ते टिलर-पायलटच्या छोट्या मोटरलाही जड लागेल. ती बॅटरी पिऊन टाकेल आणि झोतात हार मानेल. शिवाय यंत्र टिलर ओढून धरतंय म्हणून होडी जास्त कलली आहे हे कुणाच्या लक्षात येणार नाही. होडी तोलात आल्यावर जरूर घ्या. तेव्हा ते खरंच कामाला येतं.

या सगळ्यासाठी एक दिवस काढा. वारा १२ ते १५ नॉटचा, पाणी फार उसळलेलं नाही, अशी दुपार. लाइफजॅकेट घाला. पूर्ण शिडांवर वाऱ्याला भिडून चाला आणि वहीत चार गोष्टी लिहा: वाऱ्याचा वेग, कल, टिलर किती सेंटीमीटर सरकलाय आणि होडीचा वेग. बॅग मोजायचा हुकचा काटा असेल तर तो टिलरला लावून किती किलोने ओढावं लागतं तेही पाहा. आता एकावेळी एकच बदल करा. आधी ट्रॅव्हलर सोडा, पाच मिनिटं चाला, लिहा. मग शीड चापट करा, लिहा. मग मेनचा पहिला रीफ, जिब पूर्ण उघडी, लिहा. शेवटी मुद्दाम तुमची जुनी पद्धत, मेनसेल पूर्ण आणि जिब अर्धी, तीही करून पाहा आणि लिहा. दोन आकडे शेजारी दिसले की वाद उरत नाही. मधे दमलात तर जिब उलट्या बाजूला घेऊन, टिलर वाऱ्याआड ढकलून होडी थांबवा. तुमची होडी वाऱ्याकडे ओढणारी आहे, ती अशा अवस्थेत छान शांत उभी राहील. रीफ घ्यायलाही तीच सगळ्यात आरामाची जागा.

मागून वारा असताना टिलर जड होत असेल, तर ते प्रकरण वेगळं. बूम बाहेर असल्याने मेनसेलचा जोर होडीपासून खूप दूर जातो. तिथे मेन लवकर कमी करून जिबवर जास्त भर द्या. बूमला खाली ओढणारी दोरी, व्हँग, झोतात सोडायला हाताशी असू द्या.

नवऱ्याशी कसं बोलायचं हेही तुम्ही विचारलंय. ‘माझ्या हातात ताकद नाही’ आणि ‘तुझ्यात ताकद येईल’ हे दोन्ही बोलणं थांबवून वही पुढे करा. चाचणीच्या दिवशी टिलर तुमच्याकडे, मेनशीट आणि ट्रॅव्हलर त्यांच्याकडे, अशी वाटणी करा. बऱ्याच जोडप्यांमध्ये उलट असतं: एक जण टिलर आणि शीट दोन्ही सांभाळतो, दुसरा नुसता बघतो. पण टिलर ज्याच्या हातात आहे त्याला ओढ आधी कळते, आणि शीट ज्याच्या हातात आहे तोच ती कमी करू शकतो. तुम्ही ‘सोड’ म्हणालात की त्यांनी आधी सोडायचं, कारण नंतर विचारायचं. आणि पहिला रीफ कधी घ्यायचा, ते त्या दिवसापासून टिलरवर बसलेल्या माणसाने सांगायचं, चिकटपट्टीवरच्या दहा अंशांच्या खुणेपाशी पोचल्याबरोबर.